आर्डिसच्या नावचा एल्क

कागदोपत्री पाहिलं तर आर्डिस ट्वेटेनने सोळा हरणं मारली होती. प्रत्यक्षात तिने ती फक्त शिजवली होती.

आमच्या आयोवा राज्यात हरणांच्या शिकारीच्या मोसमात एका टोळीतल्या कुणीही कुणाच्याही परवान्यावर गोळी झाडली तरी चालायचं. त्यामुळे आमच्या भागातले सगळे नवरे अर्ज भरताना बायकोचंही नाव घालत. काहीजण आईचंही घालत. ऑर्लिन ट्वेटेनच्या धाकट्या भावाने, व्हर्जिलने, एका वर्षी सासूचं घातलं. ती तेव्हा इस्पितळात होती, आणि त्या मोसमातलं गावातलं सगळ्यात मोठं हरीण तिच्या नावावर लागलं. तिला ते बरी झाल्यावर कळवण्यात आलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात ऑर्लिनने पश्चिमेकडच्या डोंगराळ वायोमिंग राज्यातल्या एल्कसाठी अर्ज केला, तोही याच सवयीने दोन नावांनी. एल्क म्हणजे आमच्याकडच्या हरणाच्याच जातीचा, पण घोड्याएवढा. वीस वर्षं ऑर्लिन एल्कबद्दल बोलत होता. त्याच्याकडे एल्कचं चित्र असलेली तीन कॅलेंडरं होती, तिन्ही मुदत संपलेली. बाहेरच्या राज्यातल्यांना परवाना सोडतीने मिळायचा, आणि दोन चिठ्ठ्या टाकल्या तर नशीब दुप्पट होतं, असा त्याचा हिशोब होता.

मार्चमध्ये दोन पाकिटं आली. एक पातळ, एक जाड. पातळ पाकीट ऑर्लिनचं होतं आणि त्यात दिलगिरी होती.

"लागला!" जाड पाकीट फोडून ऑर्लिन ओरडला.

"कुणाला?"

"आपल्याला."

आर्डिसने हात पुसले आणि कागद हातात घेतला. "यावर आर्डिस लिहिलंय."

"तेच ते," ऑर्लिन म्हणाला.

त्याच दिवशी त्याने डुकरिणींच्या विण्याच्या तारखांची वही उलटी केली आणि मागच्या बाजूने बेत लिहायला घेतला. सगळं आपलं आपण करायचं, कुणाची मदत घ्यायची नाही. नकाशे, तंबू, दोर, बटाटे. पाचव्या पानावर कामांची वाटणी होती. 'ऑर्लिन: शिकार. व्हर्जिल: घरची डुकरं. आर्डिस: स्वयंपाक, पाणी, सही.'

आर्डिस बावीस वर्षं चर्चच्या मंडळाची चिटणीस होती. छापलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. परवान्याबरोबर नियमांची पुस्तिका आली होती, ती ऑर्लिनने चित्रांपुरती चाळली होती. आर्डिसने ती वाचली. मग तिने वायोमिंगच्या कचेरीत फोन लावला, विचारलं, उत्तर लिहून घेतलं, आणि रविवारच्या जेवणाला बटाटे वाढता वाढता म्हणाली, "तिकडे ज्याचं नाव त्यानेच गोळी घालायची असते."

"हे कोण म्हणतं?"

"वायोमिंग."

ऑर्लिनने बटाट्यावर लोणी घातलं. "डोंगरात कोण बघायला बसलंय?"

"मी असेन ना तिथे," आर्डिस म्हणाली.

त्यानंतर तीन दिवस घरात अबोला होता. नॉर्वेहून आलेल्या आमच्या घरांत अबोला आणि रोजचं बोलणं यांत फारसा फरक नसे. व्हर्जिल त्या तीन दिवसांत दोनदा कॉफीला येऊन गेला, त्याला काही जाणवलं नाही. चौथ्या दिवशी ऑर्लिन म्हणाला, "बरं. चाप तू ओढ. मी सांगेन तेव्हा."

 दुपारी आर्डिसने कपाटातली रायफल काढली, कॉफीचे सहा रिकामे डबे घेतले आणि पिकअप काढून खडीच्या खाणीवर गेली. मक्याच्या कणगीत शिरणारी रकून नावाची चोरटी जनावरं ती लग्न झाल्यापासून मारत आली होती, पण त्याला कुणी शिकार म्हणत नसे. त्याला घरकाम म्हणत. शंभर पावलांवरून तिने सहापैकी पाच डबे पाडले. ऑर्लिन मागून आला, भोकं बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाला, "आज वारा नव्हता."

इथून पुढे आर्डिसला तो एल्क हवासा वाटू लागला.

ती सत्तावन्न वर्षांची होती. तिचं घर सासूने मांडलेलं होतं, पडदेसुद्धा. तिची मुलं मोठी होऊन शहरांत गेली होती आणि आता पत्रांत हवामानाबद्दल लिहीत. तिच्या नावाने आजवर पुष्कळ काही झालं होतं, पण ते होताना ती स्वयंपाकघरात होती. आता एक कागद आला होता, आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की हे तिच्याशिवाय होऊ शकत नाही. असा कागद पुन्हा यायचा नाही, हेही तिला माहीत होतं.

पण ऑर्लिनच्या बेतात ती जाणार म्हणजे त्याच्या मागून जाणार. कुठे थांबायचं ते तो सांगणार, कुठे बघायचं ते तो सांगणार, चाप कधी ओढायचा तेही तोच. म्हणून तिने वायोमिंगमधल्या तीन वाटाड्यांना पत्रं टाकली. हे लोक तंबू, घोडे, खेचरं बाळगून असतात आणि बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला डोंगरात नेऊन एल्कसमोर उभं करतात.

दोघांनी छापील पत्रकं पाठवली, 'प्रिय महोदय' अशी सुरुवात असलेली. तिसरा होता मर्ल हॅथवे. त्याने पिवळ्या कागदावर पेन्सिलीने प्रश्न लिहून पाठवले. तुमचं वजन किती? घोड्यावर शेवटचं कधी बसलात? चढाला दम लागतो का? शिंगं हवीत, मांस हवं, की नुसता डोंगर? थंडीत पाय गार पडतात का? आर्डिसने सगळी उत्तरं खरी लिहिली. शिंगं-मांस-डोंगर यापाशी ती दोन दिवस अडली. तिला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, 'मांस. पण घाई नाही.'

"वाटाड्या हा शिकागोच्या दातांच्या डॉक्टरांसाठी असतो," ऑर्लिन म्हणाला. "आपण शेतकरी माणसं. आपल्याला जनावर दाखवायला माणूस कशाला?"

"आपण एल्क पाहिलाय कुठे?"

"माझ्याकडे तीन कॅलेंडरं आहेत."

"त्यात तो उभाच आहे, ऑर्लिन."

मे महिन्यात मर्लने एक कॅसेट पाठवली. सोबत चिठ्ठी होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एल्कचे नर माजावर असतात, साद घालतात. रानात तो दिसण्याआधी ऐकू येतो. आवाज कानात बसवून घ्या, सगळी शिकार त्यावरच असते. आणि एक जूनपर्यंत काय ते कळवा, एकच जागा उरली आहे.

आर्डिसने चर्चच्या रविवारच्या शाळेतलं टेपचं यंत्र मागून आणलं. तीनच्या कॉफीला ते टेबलावर ठेवलं, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आधी मर्लचा जाड आवाज आला, की हा एक म्हातारा नर, अर्ध्या मैलावर. मग क्षणभर नुसती खरखर. आणि मग तो आवाज आला.

तो खालून निघाला, दार करकरावं तसा, आणि चढत चढत गेला, पार वर, इतका बारीक आणि लांबलचक की आर्डिसच्या मानेवरचे केस उभे राहिले. एवढ्या दांडग्या जनावराच्या गळ्यातून बासरी वाजत होती. मांजर खुर्चीवरून उडी मारून चुलीखाली गेलं. शेवटी तो आवाज तुटला आणि दोन-चार जाड हुंकार ऐकू आले.

ऑर्लिन साखरेचा खडा कॉफीत बुडवत होता. "चालू केलंस की नाही?"

"केलंय."

"टेप रिकामी दिसतेय." मग त्याने मान वर केली. "हा माणूस खोकतो फार."

आर्डिसने टेप मागे फिरवली आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली. पुन्हा करकर, पुन्हा ती लांब बासरी. खिडकीची काच थरथरली. या वेळी ऑर्लिन कॉफीकडे बघत नव्हता. तो आर्डिसकडे बघत होता, मग चुलीखालच्या मांजराकडे, मग यंत्रात फिरणाऱ्या टेपकडे. त्याने यंत्रावर हात ठेवला. ते थरथरत होतं. बासरी थांबली आणि हुंकार आले, तेव्हा त्याची बोटं जराशी हलली.

चाळीस वर्षं तो ट्रॅक्टरवर बसला होता, त्यातली तीस ट्रॅक्टरला बंद केबिन नसताना, इंजिन थेट कानावर घेत. आमच्याकडच्या पुरुषांच्या कानांतून वरच्या पट्टीचे आवाज असेच जात. आधी चिमण्या, मग टेलिफोनची घंटा, मग नातवंडं. बायकांना ठाऊक असे, त्या आवाज खालच्या पट्टीत उतरवून बोलत आणि यावर कुणी काही बोलत नसे.

"बरं," ऑर्लिन म्हणाला, आणि डुकरांना चारा घालायला एक तास आधी निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "तू त्या मर्लबरोबर जा. मी घरी थांबतो. सोयाबीन नेमकं त्याच आठवड्यात येईल."

"सोयाबीन दरवर्षी दहा तारखेनंतर येतं."

"यंदा लवकर येईल."

सोयाबीन अजून पेरलंही नव्हतं.

आता आर्डिसला हवं ते मिळत होतं. तिचा परवाना, तिची गोळी, तिला प्रश्न विचारणारा माणूस, आणि पुढे उभा राहून हातवारे करणारं कुणी नाही. एक ओळ लिहून टाकायची, की झालं. तिने तीन वेळा लिहायला घेतली. तिन्ही वेळा कागद पीठ चाळायला आणि बटणं ठेवायला कामी आला. मर्लबरोबर गेलं तर एल्क मिळेल, हे तिला दिसत होतं. त्याचबरोबर हेही दिसत होतं की ऑर्लिन ती तीन कॅलेंडरं उतरवून ठेवील आणि एल्क हा शब्द त्या घरात पुन्हा निघणार नाही. आणि दोघंच गेले, तर ज्याला एल्क ऐकू येत नाही अशा माणसाच्या मागून ती सात दिवस डोंगर तुडवील आणि रिकाम्या हाताने परत येईल.

व्हर्जिल कॉफीला आला. "काय वहिनी, ऐकतो ते खरं का? भावाला घरी ठेवून परक्या गड्याबरोबर डोंगरात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ऑर्लिनने. म्हणाला, सोयाबीन आहे." व्हर्जिलने केकचा दुसरा तुकडा घेतला. "माझं सोयाबीन कधी येणार ते त्याला विचारून सांग ना. त्याला आतून कळतंय असं दिसतंय."

मे संपायला चार दिवस असताना रविवार आला. चर्चमध्ये आर्डिस नेहमीप्रमाणे ऑर्लिनच्या उजवीकडे उभी होती. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, जाड. ती गात होती आणि सहज तिची नजर त्याच्याकडे गेली. ऑर्लिनच्या हातातलं पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि अर्धा ठोका मागून, शब्दाला शब्द लावून गात होता. तिला वाटलं होतं तो लयीत कच्चा आहे. गेली कितीतरी वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं.

मग सगळे बसले आणि पाद्री वाचू लागले. उभं राहायला अजून एक परिच्छेद होता. आर्डिसने आजवर चर्चमध्ये आगळीक केली नव्हती. ती उठून उभी राहिली. ऑर्लिन तत्काळ उठला, टोपी छातीशी धरून, पुढे बघत, अगदी गंभीर. मागच्या बाकावरचा व्हर्जिल आणि त्याची माणसंही उठली, मग डावीकडचे सगळे. पाद्रींनी चष्म्यावरून पाहिलं, एक परिच्छेद गाळला आणि प्रार्थना सुरू केली.

गाडीत बसल्यावर आर्डिस म्हणाली, "आपण दोघंच जायचं. वाटाड्या नको."

ऑर्लिनने किल्ली फिरवली नाही. "तुला ठाऊक आहे ना, मला..." आणि तो थांबला.

"काय ठाऊक आहे?"

"माझा गुडघा दुखतो."

"हो. गुडघ्याचं ठाऊक आहे मला."

"मग ठीक."

"बेत मी करणार," आर्डिस म्हणाली. "पुढे मी चालणार. मी बाही ओढली की थांबायचं. मग बघायचं काम तुझं, तुझी नजर अजून गरुडासारखी आहे. गोळी माझी. कधी घालायची तेही माझं."

"आणि स्वयंपाक?"

"आलटून पालटून."

"मला कुठे येतो?"

"जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर आहे," आर्डिस म्हणाली.

मर्लला तिने फोन केला. तिने बेत सांगितला, तसा तो म्हणाला, "मिसेस ट्वेटेन, तुम्ही पहिल्यांदा येताय. दोघंच येताय. दोघांचं मिळून वय एकशे अठरा."

"एकशे सोळा."

"डोंगराला दोन वर्षांनी फरक पडत नाही, बाई. तुम्हाला वाटतंय तितकं सोपं नाहीये ते."

"मला सोपं वाटत नाहीये."

"हं," मर्ल म्हणाला. मग त्याने खाली घाटाजवळच्या दुकानाचा नंबर दिला. जनावर पडलं तर तिथे निरोप ठेवा, खेचरं घेऊन येतो, एवढं मांस खाली उतरवणं तुमच्याच्याने व्हायचं नाही. "आणि नाही पडलं, तरी निरोप ठेवा. मला जाणून घ्यायला आवडेल."

त्या उन्हाळ्यात आर्डिसने नवीन वही घेतली. तिने वनखात्याला पत्रं लिहिली आणि त्यांनी नकाशे पाठवले. ऑर्लिनने हिवाळाभर बसून जिथे लाल गोल काढले होते ते सगळं राखीव रान निघालं. तिथे बाहेरच्या माणसाला वाटाड्याशिवाय शिकारीला बंदी होती. हेही पुस्तिकेत होतं, चित्र नसलेल्या पानावर. तिने त्याच्या दक्षिणेची डोंगराची एक सोंड निवडली, पाणी असलेली, रस्त्यापासून तीन मैल. आयोवात चढ नाही, म्हणून रोज संध्याकाळी दोघं पाठीवर खाद्याची पोती घेऊन धान्याच्या कोठाराचा जिना चढत आणि उतरत. गाव ते बघायला यायचं. ऑर्लिन बटाटे आणि खिमा भाजायला शिकला. सुरुवातीचे तीन प्रयोग डुकरांनी संपवले, चौथा त्यांनी अर्धा ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला ते त्या सोंडेवर होते. तंबू आर्डिसने सांगितला तिथे उभा होता. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी एक साळिंदर, एल्कहूनही दांडगी दोन मूस हरणं आणि नारिंगी जाकिटातला एक हरवलेला माणूस पाहिला. त्याला आर्डिसने रस्ता दाखवला. रोज सकाळी ती पुढे आणि ऑर्लिन मागे, असे ते निघत. ती थांबली की तो थांबे. तो काही विचारत नव्हता.

चौथ्या सकाळी गवतावर हिमाचा पांढरा थर होता. ओहोळ ओलांडताना आर्डिसने तो आवाज ऐकला. टेपवर होता तसा नव्हता, त्याहून रुंद होता, सगळ्या दरीत भरून राहिलेला. तिने बाही ओढली. ऑर्लिन थांबला. तिने हाताने दिशा दाखवली आणि बोटांनी अंतर. त्याने मान हलवली, एक मूठ सुकं गवत चुरून हवेत सोडलं आणि वारा कुठून आहे ते पाहिलं.

मग एक तास ते त्या आवाजाकडे गेले, म्हणजे आर्डिस आवाजाकडे आणि ऑर्लिन आर्डिसकडे. दोनदा आवाज बंद झाला आणि दोन्हीदा ती तिथेच खाली बसली. गुडघ्याची कुरकुर न करता तोही बसला. शेवटची साद इतक्या जवळून आली की तिच्या दातांत ती जाणवली. पण समोर नुसती झाडं होती.

या वेळी बाही ऑर्लिनने ओढली.

"पाय," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "चार. वाळक्या पाइनच्या डावीकडे."

तिने वाळका पाइन पाहिला. डावीकडे पाहिलं. झाडांचे बुंधे होते, आणि त्यांतले चार हलले.

तिने रायफल फांदीवर टेकवली. तो तिरपा उभा होता, खांदा झाडाआड. तिला शेजारी ऑर्लिनचा श्वास ऐकू येत होता. आता तो सांगेल, असं तिला वाटलं. घाल, आता घाल. ऑर्लिनने दोन्ही हात खिशात घातले आणि तोंड मिटून घेतलं. एल्कने मान खाली केली, चरला, कान हलवला. एक मिनिट गेलं असेल, कदाचित तीन. मग त्याने दोन पावलं टाकली आणि त्याची सगळी बाजू झाडाबाहेर आली. आर्डिसने चाप ओढला.

तो साठ पावलं गेला आणि पडला. दोघं तिथवर चालत गेले आणि उभे राहिले. जवळून तो घोड्याहून मोठा वाटत होता. आर्डिसने परवान्याच्या चिठ्ठीवर छापलेला दिवस आणि महिना नियमाप्रमाणे चाकूने कापला आणि ती शिंगाला बांधली. मग दोघांनी बाह्या सारल्या. डुकरं सोलण्यात जन्म गेलेला, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे सांगायची वेळ आली नाही.

अर्धं काम झाल्यावर ऑर्लिन ओंडक्यावर बसला आणि गुडघा चोळू लागला. आर्डिस कोपरापर्यंत रक्ताने माखली होती.

"कसा होता?" त्याने विचारलं.

"काय कसा?"

"आवाज." तो चाकूच्या पात्याकडे बघत होता. "तो मला ऐकू येत नाही, आर्डिस. टेपवरही नव्हता आला."

"हं."

"पुष्कळ काही येत नाही ऐकू."

"हो," ती म्हणाली.

तिने चाकू गवतात ठेवला. ती उभी राहिली, तशीच, लाल हातांनी, आणि घसा खाकरला. एल्कएवढं वर तिला जाता येत नव्हतं. आणि तिथवर जाऊन उपयोगही नव्हता. तिने तो सगळा आवाज खाली उतरवला, जिथे ती चर्चमध्ये गायची तिथे, आणि सुरुवात केली. आधी दाराची करकर, मग चढ, लांब आणि सावकाश, श्वास संपेपर्यंत, आणि शेवटी ते हुंकार. वरच्या फांदीवरचा एक कावळा उडून गेला.

ऑर्लिन मान तिरकी करून ऐकत होता. तिच्या ओठांकडे तो बघत नव्हता.

"आणि एवढ्याने माद्या येतात त्याच्याकडे?"

"येतात म्हणे."

ऑर्लिनने यावर थोडा विचार केला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.